बैठेवाल्यांचा जिल्दसाज

"आडवं ठेवा, गुरुजी. जाड पुस्तक उभं ऱ्हायलं की त्याची पाठ मोडतीय."

माझ्या घरी आले की त्यांचे पहिले वाक्य बहुधा हेच असे. कुशल विचारणे त्यानंतर. कपाटासमोर उभे राहून ते मान किंचित तिरकी करीत, उभ्या ठेवलेल्या ग्रंथांवरून नजर फिरवीत, आणि त्यांतला एखादा भारदस्त ग्रंथ दोन्ही तळहातांवर उचलून खालच्या फळीवर निजवीत. निजवीत हाच शब्द योग्य आहे. झोपलेले मूल मांडीवरून अंथरुणावर ठेवताना आपण मानेखालचा हात सर्वांत शेवटी काढतो, तसा ते ग्रंथाखालचा हात शेवटी काढीत.

आपल्यापैकी ज्यांना ग्रंथसंग्रहाची आवड आहे, त्यांच्या आयुष्यात असा एखादा जिल्दसाज येऊन गेलेला असेल. आमचे हे जिल्दसाज बीदरच्या मैलूर भागात राहत. घराची पुढची खोली हेच दुकान. तिथे पुस्तके दाबण्याचा लाकडी शिकंजा, दाभण, मेण लावलेला दोरा, पुठ्ठ्यांची थप्पी आणि खळीचे पातेले एवढाच संसार. मैद्याच्या खळीत ते मोरचूद घालीत, म्हणजे कसर लागत नाही. त्यामुळे त्यांच्या नखांच्या कडा बारमाही निळसर दिसत. मी एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि तिथले ग्रंथालयही माझ्याकडेच होते. जीर्ण पुस्तकांच्या निमित्ताने जडलेला परिचय माझ्या निवृत्तीनंतरही टिकला. त्यांचे नाव मी लिहीत नाही. ज्या कथेत ते गुंतले होते, तिच्यातील काही माणसे अजून हयात आहेत.

घाई हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. एकदा मी दुकानात बसलो असता एक वकील आपली पुस्तके घेऊन आले आणि उद्याच हवीत म्हणू लागले.

"उद्या मी देतो, वकीलसाब," ते म्हणाले, "पर खळ देत न्हाई. तिला वाळायला तिचा वेळ लागतोय. तुमच्या कोर्टाची तारीख तिला कुठं कळायलीय?"

वकील हसले आणि आठ दिवसांनी आले.

एकदा त्यांनी माझा तर्कशास्त्राचा एक ग्रंथ बांधायला घेतला. त्यात जागोजागी "असे कोणी म्हणेल" अशा अर्थाची वाक्ये का येतात, असे त्यांनी विचारले. पाने शिवताना ते वाचीत असत. देवनागरी अक्षर त्यांना परके नव्हते, गावातल्या मराठी शाळेत ते सातवीपर्यंत शिकले होते. मी सांगितले, "आपल्याकडे शास्त्रार्थाची अशी रीत आहे. ज्या मताचे खंडन करायचे, त्याची बाजू आधी आपणच मांडायची. आणि त्या मताच्या माणसाला स्वतःला साधली नसती इतकी चांगली मांडायची. त्याला पूर्वपक्ष म्हणतात."

"म्हंजे दुश्मनाचा वकील आपुनच व्हायचं?"

"तसेच."

त्यांनी दाभण खाली ठेवले. "लई अवघड हाय, गुरुजी. पर इमानदारीचं हाय."

पुढे तो शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला की, भावासाठी घासाघीस करणाऱ्या एका गिऱ्हाइकाचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं. हा झाला तुमचा पूर्वपक्ष." ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि ही शिवी कोणत्या भाषेतली, असे विचारू लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी ते आले, तेव्हा त्यांच्या हातात माझे कोणतेही पुस्तक नव्हते. काळ्या कापडाच्या जिल्दीची एक वही होती. कपाटाकडे न पाहता ते थेट माझ्यासमोर आले.

"ही वाचा. भाषा दुरुस्त करू नका. तर्क चुकला असंल तर तेवढा सांगा."

पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते: बैठेवाल्यांचा पंथ. तो कसा झाला, कसा गेला, आणि चूक कुठं झाली.

बैठेवाले हे नाव मी पूर्वी ऐकले होते. पस्तीस-चाळीस वर्षांमागे, राजेश्वरच्या बाजूला, हमरस्त्यालगतच्या एका खेड्यात काही मुसलमान घरांनी मशिदीपासून फारकत घेऊन आपला वेगळा पंथ काढला होता. तीन वर्षांच्या आत तो लयाला गेला. ज्या गृहस्थांचे हात मी इतकी वर्षे पाहत होतो, ते त्या पंथात होते, ही गोष्ट मात्र मला त्या वहीने सांगितली.

वही मी चार दिवस वाचली. सकाळच्या जपानंतर बसत असे, ते स्वयंपाकघरातून हाक येईपर्यंत. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खंडनमंडन वाचले आहे. प्रतिपक्षाला इतका न्याय देणारे लेखन त्यात फार थोडे होते.

पंथाचा संस्थापक अत्तर आणि सुरमा विकीत बाजारोबाजार फिरणारा मनुष्य होता. आवाज मधुर, वागणे सौम्य, कुणाकडून एक विडाही फुकट न घेणारा. त्याला स्वप्न पडले की, कयामतीचा दिवस एक-दोन हंगामांवर येऊन ठेपला आहे आणि त्याआधी एक लहानशी जमात सावध होऊन बसली पाहिजे. लोक त्याला हजरत म्हणू लागले. त्या वेळी गावात मशिदीच्या कारभारावरून दोन तट पडले होते. आमच्या जिल्दसाजांनी लिहिले होते, "जो कोणत्याच तटात नव्हता, त्याला बसायला जागा नव्हती. हजरतांनी जागा दिली. हे त्यांचे पुण्य मानले पाहिजे." पंधरा-वीस घरे गुरुवारी संध्याकाळी एका गोठ्यात जमू लागली. दागिने मोडले गेले, भांडणे मिटली, दोन माणसांची दारू सुटली. एवढे सगळे लिहून झाल्यावरच त्यांनी उत्तरपक्षाला, म्हणजे खंडनाला, हात घातला होता.

उत्तरपक्षाची सुरुवात मुगापासून होती. जग संपायला एक-दोन हंगाम उरले असताना आठ महिन्यांची तूर पेरायची कुणी? पंथातल्या सर्वांनी सबंध शेतात मूग पेरला, कारण तो दोन-अडीच महिन्यांत हाती येतो. गावकरी त्यांना प्रथम मूगवालेच म्हणत. लग्नातसुद्धा मुगाचीच खिचडी झाली, असे वहीत गंभीरपणे नोंदवले होते, आणि खाली एक ओळ: "हसण्यासारखे आहे. पण आम्ही हसलो नाही, हे ध्यानात घ्यावे."

मग एका अनुयायाने हजरतांच्या परसात आंब्याचे कलम लावलेले पाहिले. कयामत उंबऱ्याशी आली असताना हा मनुष्य पाच वर्षांनी फळणारे झाड कुणासाठी लावतो, हा प्रश्न घरोघर गेला. त्याबरोबर पंथ मोडला. लोक एकेक करून मशिदीत परतले, आणि हजरत अत्तराची पेटी उचलून हैदराबादेकडे निघून गेले. परंतु जिल्दसाजांची चिकित्सा इथे थांबली नव्हती. त्यांनी लिहिले होते की, अखेरची घडी आली तरी हातातले रोप लावून टाकावे, असे आमचे बुजुर्गच सांगत आले आहेत. तेव्हा झाड लावण्यात दोष नव्हता आणि हजरतांना उत्तर देता आले असते. त्यांनी उत्तर दिले नाही. लाजून कलम उपटून टाकले. "ज्याला लाज वाटली, त्याला स्वतःच्या बोलण्याची खात्री नव्हती. आणि जो आमच्यासमोर लाजला, तो लबाडही नव्हता. मग तो कोण होता?"

या एका आंब्यावर अकरा पाने खर्ची पडली होती. चाळिसाव्या पानावर मात्र मला दोनच ओळी आढळल्या. "हजरतांच्या हुकमाने दोन मयती बसवून दफन केल्या. इस्लाममध्ये याला आधार नाही. ही रीत शेजारच्या लिंगायतांकडून आली." पंथाला बैठेवाले हे नाव ज्या आचारावरून पडले, त्याच्याविषयी एवढेच.

ते वही न्यायला आले, तेव्हा मी ते पान उघडून विचारले, "या दोघांची माहिती इतकी थोडी का? कोण होते हे?"

माझ्या पत्नीने चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली.

"एक, आमच्या गल्लीतल्या आपाचा नवरा," ते म्हणाले. "दुसरी माझी लेक. नऊ वर्साची. आधी ती, मंग तो."

नंतर त्यांनी जे सांगितले, ते एकदाच सांगितले, आणि मी पुन्हा कधी विचारले नाही. मुलीला ताप होता. वैद्य झाला, डॉक्टर झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांनाच कळून चुकले. तेव्हा यांनी तिला उठवून भिंतीला टेकवून बसवले आणि मागून दोन्ही हातांनी धरून ठेवले. का, तर बोलावणे येईल तेव्हा ती सावध बसलेली असावी.

"ती म्हणायली, अब्बा, सोने दो ना. पीठ दुखरी." त्यांचा आवाज उंच झाला नाही, की कापला नाही. "मी म्हटलो, थोडा वेळ बस, माँ. थोडाच वेळ. दोन-तीन बार म्हणली. मंग न्हाई म्हणली."

आमच्या भागात मुसलमान बाप लाडाने लेकीला माँ म्हणतात. ज्या स्थितीत ती गेली, त्याच स्थितीत तिला विहिरीसारख्या गोल खड्ड्यात बसवले गेले. त्यांची पत्नी त्याच आठवड्यात भावाच्या घरी निघून गेली आणि परत आली नाही.

माझा बहुतेक काळ शास्त्राच्या सहवासात गेला आहे. अशा वेळी मुखी जे यायचे तेच आले. मी म्हणालो, "देह हे वस्त्र आहे. तिने ते केव्हाच टाकले. वस्त्र घडी घालून ठेवले काय, किंवा खुंटीला टांगले काय, तिला त्याचे सुखदुःख नाही."

त्यांनी आदराने ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुमच्यात देह कपडा हाय, गुरुजी. आमच्यात कयामतीला उठणारा ह्योच देह हाय. मी तिला बसवून आलोय. तवापासनं ती बसून हाय."

एका दर्शनातले सांत्वन दुसऱ्या दर्शनात नेता येत नाही, हे मी वर्गात शिकवीत आलो होतो. ते मला त्या दिवशी कळले.

कबर उघडून तिला निजवता येईल का, असे मौलवींना त्यांनी पूर्वीच विचारले होते. सबळ कारणावाचून कबर उघडू नये, असे त्यांचे सांगणे होते, आणि बापाचे मन हे सबळ कारण ठरत नव्हते.

उठताना त्यांनी वहीविषयी माझे मत विचारले. त्या वेळी गप्प राहणे मला शक्य होते. परंतु त्यांनी तर्क तपासायला सांगितला होता, आणि मी तो तपासला होता. मी म्हणालो, "हजरत यात आहेत, मशीद आहे, शेजारचे लिंगायत आहेत, मूग आणि आंबाही आहे. तुम्ही कुठे आहात? मुलीला बसवावे, हा हुकूम हजरतांनी नेमका केव्हा दिला?"

त्यांनी वही उचलली आणि ते निघून गेले. चार महिने आले नाहीत. त्या काळात मी दोनदा मैलूरला गेलो. दुकान बंद होते. संध्येला बसलो की पळीतले पाणी तसेच राहून जाई आणि कानात लहान मुलीचा आवाज येई, जो मी कधी ऐकलेला नव्हता.

पाचव्या महिन्यात ते आले. चाळिसाव्या पानाच्या पुढे एक नवे पान शिवलेले होते. आधीच्या शिवणीत नंतरचे पान घालणे किती कठीण असते, ते त्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. पानावर लिहिले होते:

"मुलगी वारली तेव्हा हजरत बाजाराला गेले होते. दफनाविषयी त्यांनी तोवर काहीच सांगितलेले नव्हते. शेजारच्या लिंगायत घरातील वृद्ध आदल्या वर्षी वारले, त्यांना बसवून, फुले वाहून नेलेले मी पाहिले होते. तो थाट माझ्या मनात राहिला. मुलीला मी बसवले. हजरत संध्याकाळी आले, कबरीपाशी रडले, आणि म्हणाले, हेच बरोबर, आता सर्वांनी असेच करावे. तीन आठवड्यांनी आपाचा नवरा वारला, त्याला बसवले. हुकूम हजरतांचा म्हणून मी इतकी वर्षे लिहीत आणि बोलत आलो. हुकूम माझा होता. हजरतांनी फक्त मान हलवली."

पंथ कसे निर्माण होतात, यावर पुष्कळ विद्वानांनी लिहिले असेल. आचार्य सांगतो आणि शिष्य करतो, असे आपण मानतो. शिष्य दुःखाच्या भरात काही करून बसतो, आणि आचार्याला ते मोडण्याचे धैर्य होत नाही म्हणून त्याचा नियम होतो, हा क्रम मला त्या एका पानाने दाखवला. आमच्या धर्मातील काही आचारांकडे मी तेव्हापासून जरा निराळ्या दृष्टीने पाहतो.

"आता तर्क बरोबर हाय?" त्यांनी विचारले.

"बरोबर आहे."

"मंग आता काय करू, ते बी सांगा."

ते सांगण्याचे काम रस्त्याने केले. हमरस्ता रुंद करण्याचे ठरले आणि त्या गावचे जुने कब्रस्तान त्यात येत होते. ज्यांना आपल्या माणसांचे अवशेष हलवायचे असतील त्यांनी मुदतीत हलवावेत, अशी नोटीस लागली. मौलवींना आता कारण सबळ वाटले. बहुतेक कबरींचे वारस नव्या जागेला तयार झाले. बसवलेल्यांच्या दोन कबरी राहिल्या: त्यांच्या लेकीची आणि आपाच्या नवऱ्याची.

एकटी लेक हलवायला ते तयार नव्हते. "माझ्यापायी त्याला बसवलं," ते म्हणाले. "मी माझं लेकरू निजवून घरी यायचं आणि त्याला तसंच सोडायचं, हे कसं व्हायचं?" ते आपाकडे गेले, आणि मला बरोबर घेऊन गेले.

आपा, म्हणजे सगळ्या गल्लीची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढच्या. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. पंथ मोडल्यावर सगळे मशिदीत परतले, त्यांची मुलेही परतली. त्या एकट्याच परतल्या नव्हत्या. त्यांची सून दाराआडून आम्हाला खुणा करीत होती की, हा विषय काढू नका. मुलांची लग्ने चांगल्या घरी झाली होती, आणि जुनी गोष्ट उकरली जाऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. परंतु यांनी जमिनीवर बसून ते नवे पान शब्दाशब्दाने वाचून दाखवले.

आपांनी शेवटपर्यंत ऐकले. "म्हंजे हुकूम तुजा होता?"

"हौ, आपा. माझा."

"हजरतांनी मान हालवली का न्हाई?"

"हालवली."

"मंग झालं की." त्यांनी पानाच्या डब्यातून सुपारी चाचपून काढली. "तू तुजी चूक धुवायलास, धू. माझा माणूस कामून हलवायलास? ते तयार होऊन बसल्यात. मी बी त्याच भरवशावर इतकी वर्सं काढलीय."

"आपा, वरून रस्ता जायलाय."

"जाऊ दे. कयामतीदिवशी तुजा रस्ता काय ऱ्हाणार हाय?"

हा झाला आपांचा पूर्वपक्ष. आम्ही उठलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुज्या लेकराला उघडशील त्या दिवशी मला घिऊन जा. मला दिसत न्हाई. तू बघून सांग. लेकरू बसून असंल, तर माझा माणूस बी बसून हाय."

कबर उघडण्याचा दिवस ठरला. सकाळची वेळ होती. रस्त्याची यंत्रे दूर उभी होती. यांनी यंत्र जवळ येऊ दिले नाही. दोन मजुरांनी खोऱ्याने माती काढली, आणि कमरेइतके खोल गेल्यावर यांनी त्यांना वर बोलावून स्वतः आत पाय सोडले. सत्तरी उलटलेला मनुष्य. तरुण मौलवी पांढरे कापड घेऊन जरा मागे उभे होते. आपांना कडुनिंबाखाली चटई घालून दिली होती. मला त्यांनी काठावर उभे राहायला सांगितले होते. "सवाल तुमचा होता, गुरुजी. जवाब बी तुमीच बघा."

मी पाहिले. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. घरांच्या भिंतीसुद्धा ती सरळ उभ्या राहू देत नाही. एवढ्या वर्षांच्या उन्हापावसाने तिने आत आपले काम केले होते. लहान लहान हाडे एका थरात, सपाट, ओल्या मातीत पसरलेली होती. मस्तक एका कुशीवर होते. बसलेले असे तिथे काहीही नव्हते.

ते गुडघ्यांवर आले. निळ्या कडांच्या बोटांनी त्यांनी माती बाजूला केली, आणि अगदी हलक्या आवाजात, खालच्या खाली, विचारले, "कब सो गई, माँ?"

मी तोंड फिरवले.

"काय रे," कडुनिंबाखालून आपांची हाक आली. "बैठी है क्या बच्ची?"

ज्या माणसाने एका चुकीचा उगम शोधण्यासाठी अर्धे आयुष्य वेचले, ज्याने स्वतःविरुद्धचे पान स्वतःच्या हाताने वहीत शिवले, तो आता काय म्हणतो, ते ऐकायला मी उभा होतो. सत्य त्याच्या मांडीपाशी होते.

"हौ, आपा," ते म्हणाले. "बैठीच है. सीधी."

"मंग? मी सांगत न्हवते?" आपा म्हणाल्या, आणि समाधानाने पान लावू लागल्या.

त्यांनी एकेक हाड कापडात वेचले. दुपारी नव्या जागेत, उजव्या कुशीवर, पश्चिमेला मुख करून लेकीला निजवले. मानेखालचा हात त्यांनी सर्वांत शेवटी काढला. आपांच्या नवऱ्याच्या कबरीला कुणी हात लावला नाही.

परतीच्या बसमधून बीदरला उतरल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, आजचं वहीत येणार न्हाई."

"आपांना सांगितलेले?"

"दोन्ही. मी बघितलेलं बी, सांगितलेलं बी."

त्याच हिवाळ्यात ते गेले. काम करता करता शिकंज्यावर डोके टेकले ते वर आलेच नाही, असे शेजाऱ्यांनी सांगितले. माझी दोन पुस्तके त्यांच्याकडे अर्धी शिवलेली राहिली होती. ती मी तशीच घरी आणली आणि दुसऱ्या कुणाला बांधायला दिली नाहीत. वहीही माझ्याकडे आहे. तिचे शेवटचे वाक्य "मुलीला निजवले" एवढेच आहे.

गेल्या मार्गशीर्षात एका भाच्याच्या घरी मी बसवकल्याणला निघालो होतो. नवा रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे. त्या गावच्या फाट्यावर बस थांबली. खाली बाकावर आपा बसल्या होत्या, शेजारी सून. मी खिडकीतून कंडक्टरला काहीतरी विचारले, तेवढ्या आवाजावरून त्यांनी मान वर केली.

"गुरुजी काय?"

मी हो म्हणालो.

त्या काठी टेकत खिडकीखाली आल्या. सून मागून त्यांचा पदर ओढीत होती. "ते तर गेले आता," त्या म्हणाल्या. "ज्यानं बघितलं त्यो गेला. रातदिवस मनात येतंय, त्यानं माझं मन राखायला म्हटलं असंल काय? तुमी बी काठावर होतात न्हवं. तुमी शास्त्र शिकलेला माणूस, खोटं बोलणार न्हाई. खरं सांगा. लेकरू बसून होतं न्हवं?"

सकाळी स्नान झाल्यावर 'सत्यं वद' या वचनाचा उच्चार केल्याशिवाय मी आयुष्यात अन्नाला हात लावलेला नाही. कंडक्टरने घंटी वाजवली. आपांचे ते पांढुरके डोळे माझ्या जरा डावीकडे पाहत होते.

"होय, आपा," मी म्हणालो. "बसलेले होते."

त्यांनी काठीने बसच्या पत्र्यावर दोनदा थोपटले आणि बस सुरू झाली. फाट्यापुढच्या त्या जुन्या कब्रस्तानात आपांचा माणूस आता रस्त्याखाली नेमका कुठे आहे, ते ओळखण्याची कोणतीही खूण उरलेली नाही. म्हणून त्या अर्ध्या मैलात मी दोन्ही पाय उचलून आसनावर मांडी घालून घेतली, आणि डांबर संपून शेते लागेपर्यंत ते खाली सोडले नाहीत.